ड्युटी फ्रीच्या विरोधात एक माणूस

आमच्या सांगलीच्या कॉलेजात कुणाचा मेहुणा किंवा भाचा परदेशातून आला की स्टाफरूममध्ये चॉकलेटचा डबा यायचा. डबा टेबलावर ठेवला जायचा आणि झाकण काढण्याआधी सगळे दाराकडे बघायचे. सर येताना दिसले तर डबा वर्तमानपत्राखाली जायचा. सर म्हणजे अर्थशास्त्राचे. चॉकलेट त्यांना आवडत नसे असं नाही. पण ते डबा उलटा करून खालचं लेबल वाचायचे आणि विचारायचे, "विमानतळावरचा का?" हो म्हटलं की डबा सुलटा करून, जिथे होता तिथेच अलगद ठेवायचे.  मग उरलेल्या तासात कुणालाही चॉकलेट गोड लागत नसे.

विमानतळावर प्रवाशांना करमाफीत माल मिळतो, ज्याला सगळे ड्युटी फ्री म्हणतात, ती सवलत बंद व्हावी ही सरांची आयुष्यभराची मागणी होती. माणसं दारूबंदीसाठी लढतात, धरणग्रस्तांसाठी लढतात. सरांनी हे निवडलं होतं. कारण विचारलं की ते म्हणायचे, "तासगावच्या स्टँडवर म्हातारीनं बिस्किटाचा पुडा घेतला तर तिनं कर भरायचा. आणि जो विमानात बसू शकतो त्यानं दारूची बाटली घेतली तर त्याला माफ. का, तर तो प्रवासी आहे. मग म्हातारी काय स्टँडवर राहायला आली आहे?"

 हे ऐकलं की लोक विषय बदलत.

सर स्वतः विमानात कधी बसले नव्हते. विमानतळही त्यांनी पाहिलेला नव्हता. वाईला त्यांची बहीण असायची, तिच्याकडे महिन्यातून एकदा एसटीनं जाणं हा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास. मी एकदा म्हणालो, "सर, ज्या गोष्टीचा इतका राग आहे ती एकदा बघून तरी या." ते म्हणाले, "तुम्ही पानिपत शिकवता. तुम्ही होता का तिथे?" माझा विषय इतिहास. त्यांना अशी उत्तरं तयार असत.

दर वर्षी जानेवारीत, अर्थसंकल्पाच्या आधी, ते दिल्लीला एक निवेदन पाठवायचे. अकरा मुद्दे, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. सुरुवातीला ते टाइप करून घेत. पण स्टँडजवळचा टायपिस्ट मधेमधे स्वतःच्या सूचना घालतो असं लक्षात आल्यावर हातानं लिहायला लागले. निवेदनाला उत्तर कधी आलं नाही. पोचपावत्या मात्र येत. त्या त्यांनी एका फाइलमध्ये लावल्या होत्या आणि फाइलवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरे'.

मुलं त्यांना 'जकातनाका' म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा ते वर्गात गेले तर फळ्यावर लिहिलेलं, 'आज नाका बंद आहे.' सरांनी खाली लिहिलं, 'त्यामुळे एकही गाडी पुढे जाणार नाही,' आणि दोन तासांची चाचणी घेतली.

त्यांच्या वेडाला किती धार होती ते मला जावयाच्या अत्तरामुळे कळलं. जावई दुबईहून आला, येताना सासऱ्यासाठी विमानतळावर घेतलेली अत्तराची बाटली घेऊन. सरांनी ती नाकारली नाही. जावयाचा अपमान करण्याइतके ते तत्त्वनिष्ठ नव्हते. ते बाटली घेऊन थेट केंद्रीय कराच्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, यावरचं शुल्क घ्या. मला त्यांनी साक्षीदार म्हणून नेलं होतं.

तिथल्या साहेबांनी बाटली निरखून पाहिली. "सर, यावर सूट आहे."

"ती प्रवाशाला आहे. जावई प्रवासी होता. मी इथेच विश्रामबागेत राहतो."

"पण आमच्याकडे असा फॉर्मच नाही."

"मग तुमच्याकडे नाही असं लिहून द्या."

साहेबांनी आम्हाला चहा पाजला. लिहून दिलं नाही. सरांनी बाटली कपाटात ठेवली आणि तिचं बूच कधी उघडलं नाही. बायको म्हणायची, "एवढं अत्तर असून घराला वास फक्त निवेदनाच्या शाईचा."

ते निवृत्त झाले त्या वर्षी उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. ड्युटी फ्रीच्या सवलतीचा सरकार फेरविचार करणार आहे म्हणे. सरांनी ती कापून मला आणून दाखवली. चेहरा असा, की जणू त्या चार ओळी त्यांच्याच निवेदनातून उचलल्या आहेत. असतीलही, आपल्याला काय माहीत.

पुढच्याच आठवड्यात तासगावच्या बेदाणावाल्यांच्या एका संघटनेचं पत्र आलं. ड्युटी फ्री या विषयावर आपलं व्याख्यान ठेवलं आहे, त्याआधी आपला जाहीर सत्कार होईल. सरांनी त्या दिवशी शर्टाला स्वतः इस्त्री केली. तासगावला जाताना एसटीत ते मला म्हणाले, "लोकांना पटायला वेळ लागतो. पण पटतं."

हॉलच्या दारात फ्लेक्स होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा सरांचा फोटो दाराएवढा मोठा केला होता आणि त्यांच्या डाव्या खांद्यावरून एक विमान उडत होतं. खाली लिहिलं होतं, 'ड्युटी फ्रीचे गाढे अभ्यासक'. दाराशीच सारिका भेटली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन तासगावला आलेली, इथे तिची स्वतःची बेदाण्याची शेड होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"सर, ह्यांना वाटतंय की आपले सर ड्युटी फ्रीच्या बाजूचे हायत."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तीस वर्षं एका गोष्टीवर लिहितोय म्हटल्यावर माणूस त्याच्या बाजूचाच असणार, असं. मी अध्यक्षांना म्हटलं, आवं, सर विरोधात हायत. तर म्हणाले, फेटा बांधल्यावर कोण विरोधात बोलतंय?"

अध्यक्षांचा हा अनुभव काही चुकीचा नव्हता. आमच्या भागात शाल आणि नारळ घेतल्यावर माणूस उलटं बोलत नाही. सत्कार ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची तजवीज आहे. कितीतरी आमदार त्यात गप्प झालेले मी पाहिले आहेत.

संघटनेची अडचण खरी होती. मुंबईची एक कंपनी तासगावातल्या काही शेडमधून बेदाणा घ्यायची, छान डब्यांत भरून घ्यायची आणि ते डबे विमानतळांवरच्या ड्युटी फ्री दुकानांत ठेवायची. सवलत गेली तर दुकानं जाणार, दुकानं गेली तर डबे जाणार. तेव्हा दिल्लीला जोरदार निवेदन पाठवायचं होतं, आणि निवेदन लिहिण्यात दोन जिल्ह्यांत सरांइतका मुरलेला माणूस नव्हता.

फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, बेदाण्याचा डबा दिला. अध्यक्ष म्हणाले की सरांचं नाव दिल्लीत घेतलं जातं. मग सर उठले. फेटा त्यांच्या डोक्याला मोठा होता, तो एका हातानं सावरत ते म्हणाले, "ड्युटी फ्री बंद झालीच पाहिजे."

टाळ्या वाजल्या. आमच्याकडे पहिल्या वाक्याला टाळ्या वाजतातच. ते ऐकलेलं नसतं. दुसऱ्या वाक्याला कमी वाजल्या. म्हातारी आणि बिस्किटाचा पुडा आला तेव्हा एकही वाजली नाही. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, मी त्यांना बिघडलेला पंप विकला असावा तसे.

सर पंचवीस मिनिटं बोलले. खाली बसले तेव्हा सारिका उभी राहिली.

"सर, एक विचारू का?"

"विचार."

"तुमी वर्गात सांगायचा, कुठलाही कर लावायच्या आधी बघा, त्यानं कुणाचं जातंय. तुमी बघितलं का हो?"

"काय?"

"आमचं काय जातंय ते. माझ्या शेडवर नऊ बाया हायत. तुमच्या अकरा मुद्द्यांत त्यांचा कितवा नंबर?"

सरांनी खरोखर आठवून पाहिलं. मी त्यांना ओळखतो, ते मनातल्या मनात पहिल्यापासून अकराव्यापर्यंत गेले. मग म्हणाले, "नाही. त्यात त्या नाहीत."

"मग या की बघायला. फेटा काढून या."

ते गेले. एक दिवस नाही, दोन आठवडे, रोज सकाळच्या एसटीनं. चार-पाच वेळा मीही गेलो. निवृत्त मित्राबरोबर जायला कारण लागत नाही. शेडमध्ये बाया सतरंजीवर बसून बेदाणा निवडत असत, एकेका दाण्याचं देठ काढत. सर वही घेऊन त्यांच्यात बसले. पहिल्या दिवशी नुसते प्रश्न विचारत होते, तेव्हा हौसाक्का नावाच्या सगळ्यांत थोरल्या बाईनं त्यांच्यापुढे एक ताट सरकवलं.

"मास्तर, तोंड चालू द्या, पन हातबी चालू द्या."

सर देठ काढायला लागले.

"ऱ्हायलं की देठ. डोळ्यानं काढताय व्हय? बोटानं काढायचं असतं."

"हे डबे बंद झाले तर काय कराल, आक्का?"

"काय करायचं? पावसाळ्यात घरी बसायचं. आदी बसतच हुतो. बेदान्याचं काम उन्हाळ्यात लय, मग काय न्हाई. ह्या डब्यांमुळं बारमाही झालं."

"आणि माल?"

"मालाचं त्या सारिकेला इचारा."

सारिका म्हणाली, "माल जाईल सौद्याला." सौदा म्हणजे बेदाण्याचा लिलाव. "तिथं बॉक्स फोडून ओततात, सर. जो येईल तो मूठ भरून घेतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि राहिलेली मूठ खाली सोडतो. सौदा संपेस्तोवर सगळे बेदाण्यावरनं चालत असतात. आमच्या ह्या नऊ जणींनी एकेक देठ काढलेला असतोय त्याचा. डब्यातला दाणा मात्र कुणी पायाखाली टाकत न्हाई."

सरांनी ते लिहून घेतलं.

एकदा मुंबईच्या कंपनीचा माणूस माल बघायला आला. सरांनी त्याला गाठलंच. विमानतळावर बेदाणा कोण घेतं, हे त्यांना हवं होतं. तो म्हणाला, "काका, बेदाण्यासाठी कुणी येत नाही. लोक येतात बाटलीसाठी. पैसे देताना हातात आपले थोडे रुपये उरतात, पुढे ते चालणार नसतात. काउंटरला लागूनच हा डबा असतो. तेवढ्यात उचलतात."

सरांची पेन्सिल थांबली.

परतीच्या एसटीत ते बुधगाव येईपर्यंत वहीची पानं उलटत होते. मग म्हणाले, "म्हणजे बेदाणा बाटलीच्या खांद्यावर बसून जात होता."

"असं दिसतंय."

"बाटली काढली की तो पडणार. मी तीस वर्षं फक्त बाटली बघत होतो."

मला वाटलं, हा माणूस आता मत बदलेल. आयुष्यभराचं मत म्हातारपणी बदललेली माणसं इतिहासात कमी आहेत, पण आहेत. मी त्यांना तशी दोन-तीन नावंही सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

चार दिवसांनी त्यांनी मला दोन कागद वाचायला दिले. पहिला सारिकेच्या शेडच्या वतीनं लिहिलेला, सवलत कायम ठेवावी असा. मजकूर सरांचा, खाली सारिकेच्या सहीला जागा. सरांचं लिखाण मी वर्षानुवर्षं वाचत आलो, ते नेहमी इस्त्री केल्यासारखं असे. हा कागद तसा नव्हता. त्यात सतरंजी होती, देठ होते, सौद्यातली मूठ होती. तीस वर्षांत त्यांनी जे काही लिहिलं त्यात हे सगळ्यात चांगलं होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या विरोधात होतं.

दुसरा कागद त्यांचा नेहमीचा, अकरा मुद्द्यांचा. पण शेवटी बारावा मुद्दा आला होता. त्यात नऊ बायांची पूर्ण नावं होती, शेडमध्ये त्या ज्या क्रमानं बसत त्या क्रमानं. खाली लिहिलं होतं : 'माझी मागणी मान्य झाल्यास वरील नऊ जणींचे काम जाईल. हे मला आजवर माहीत नव्हते. आता माहीत आहे. तरीही मागणी योग्य आहे असे माझे मत आहे.'

"हे दोन्ही पाठवणार?"

"हो. पण आधी त्यांना वाचून दाखवणार."

"दुसरा कशाला? पहिला दाखवा. तो त्यांच्या उपयोगाचा आहे."

"ज्यांची नावं आहेत त्यांच्यापासून लपवून पाठवू?"

त्यांना अडवण्यात अर्थ नव्हता. मी बरोबर गेलो, मुख्यतः ते परत येतील याची खात्री करायला.

सरांनी उभं राहून दोन्ही कागद वाचले, वर्गात वाचायचे तसे, न अडखळता. पहिला संपला तेव्हा दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्यात आपली नावं आली तेव्हा बाया हसल्या. सरकारी कागदात आपलं नाव आल्याचं त्यांना नवल वाटलं. मग शेवटचं वाक्य आलं.

हौसाक्कानं ताटातून मान वर केली. "म्हंजे आमचं गेलं तरीबी?"

"तरीही," सर म्हणाले.

"आमी काय वाकडं केलंय तुमचं?"

"काही नाही. तुमचं काम चांगलं आहे. पण ज्या पैशावर ते चाललंय तो पैसा चुकीच्या ठिकाणी माफ होतोय."

"आनि बराबर ठिकानी माफ झाला, तर आमाला काम देतोय का त्यो?"

सरांनी दोन्ही कागद सारिकेकडे दिले.

एक तरुण बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "दोन आठवडे आमच्यात बसून बेदाणं खाल्लं की ह्यांनी!" यावर सगळ्या हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. सारिकेनं पहिल्या कागदावर सही केली, दुसरा सरांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "सर, तुमी जावा आता." चहा तयार होता. तो कुणी दिला नाही. आम्हीही मागितला नाही.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी, एकाच खिडकीतून दिल्लीला गेली. उत्तर कुणालाच आलं नाही.

सवलत काही रद्द झाली नाही. फेरविचाराच्या बातमीनंतर कसलीच बातमी आली नाही. पण श्रावणात मुंबईच्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र सारिकेला आलं : नियमांबाबत निश्चिती नसल्यामुळे यापुढे डबे घेता येणार नाहीत. कायदा जागचा हलला नव्हता. नुसत्या अफवेनं शेड रिकामी झाली.

सारिकेनं मला फोन करून सांगितलं. सरांना केला नाही. मी सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "पण शुल्क तर लागलंच नाही." बराच वेळ त्यांनी तेच तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ नावांची यादी खिशात घातली आणि तासगावची एसटी पकडली. शेडवर कुणी नव्हतं. तेव्हा ते एकेकीच्या घरी गेले. भाद्रपद लागला तरी त्यांचं हे चाललं होतं. आठजणींनी त्यांचं काय स्वागत केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. नवव्या घरी मी बरोबर होतो.

हौसाक्का घरी नव्हती, कुणाच्या तरी खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. पुढ्यात वेलांचा ढीग. सरांना बघून तिनं जागा दिली नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"आक्का, एक सांगायला आलोय. तुमचं काम गेलं ते माझ्या कागदामुळे नाही. कायदा बदललेलाच नाही."

"आसं व्हय."

"पण सरकारनं माझं ऐकलं असतं तरी गेलंच असतं. तेही सांगायला आलोय."

"एवढ्या उनाचं?"

"हो."

तिनं एक वेल उचलला, झटकला. माती सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाली. "बरं. तुमच्यामुळं न्हाई गेलं. मग कुनामुळं गेलं?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता मुद्दे सुरू होतील : बाजारातली अनिश्चितता, व्यापाऱ्याची भीती, अपेक्षा. या सगळ्यावर त्यांची टिपणं होती, ती त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात दिली होती.

"मला माहीत नाही, आक्का," ते म्हणाले.

"मग इतकी वर्सं पोरास्नी शिकवत काय हुता, मास्तर?"

सर तिच्या समोर मातीत बसले. ती त्यांच्याकडे न बघता शेंगा तोडत राहिली. मी एसटीची वेळ झाल्याचं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.